दहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या एक्स्चेंजसाठी फ्रान्सला पाठवावे का?

तुमचा मुलगा इंग्लंडमधील सरकारी प्राथमिक शाळेत यिअर फाइव्हमध्ये शिकतो, वय दहा. शाळेने जूनमध्ये नॉर्मंडीतील, रूआँजवळच्या एका प्राथमिक शाळेशी पाच दिवसांची एक्स्चेंज सहल ठरवली आहे. त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, तो मांस-मासे खात नाही, फ्रेंच जेमतेम चार वाक्ये येते आणि घराबाहेर एकटा तो कधी झोपलेला नाही. शिवाय पुढच्या वर्षी तिकडचा एखादा मुलगा आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये उतरवून घ्यावा लागेल, ही धास्ती वेगळीच. अशा स्थितीत पाठवावे की नाकारावे, असे तुम्ही विचारले आहे. मी इंग्लंडमध्येच प्राथमिक शाळेत शिकवते आणि शाळेचे फ्रेंच व फ्रान्सच्या सहली ही दोन्ही कामे बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात मुलाविषयी पुष्कळ काही आहे: तो बुजरा आहे, खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे, रात्री दिवा लागतो. शाळेच्या पत्राविषयी मात्र एकच वाक्य आहे, तेही जाता जाता आलेले: राहण्याची सोय ‘यजमान शाळेच्या सहकार्याने’ केली जाईल. माझ्या मते सगळी गोम त्या वाक्यात आहे. मूल तयार आहे की नाही याचा खल आईवडील आठवडेच्या आठवडे करतात, परंतु बुजरे मूल नीट बांधलेल्या सहलीत मजेत राहते आणि धीट मूल ढिसाळ सहलीत पहिल्याच रात्री रडकुंडीला येते, हे मी वारंवार पाहिले आहे. तेव्हा मुलाची परीक्षा नंतर घेऊ. आधी शाळेची घ्या, आणि पहिला प्रश्न हाच विचारा की माझा मुलगा प्रत्येक रात्री नेमका कोठे झोपणार आणि मध्यरात्री त्याला काही झाले तर तो कोणाचे दार ठोठावणार.

प्राथमिक शाळांच्या बाबतीत ‘एक्स्चेंज’ या एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार खपतात. काही शाळा मुलांना सहलकेंद्रात किंवा वसतिगृहात आपल्याच शिक्षकांसोबत ठेवतात आणि पाचांपैकी एक-दोन दिवस भागीदार शाळेत घालवतात. काही ठिकाणी रात्र केंद्रातच असते, पण एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर मुले दोघादोघांच्या जोड्यांनी फ्रेंच कुटुंबांकडे जातात, तिथे साडेचारचे खाणे खातात, खेळतात आणि संध्याकाळी परत येतात. तिसऱ्या प्रकारात मुले रात्रीही त्या कुटुंबांकडेच राहतात. माध्यमिक शाळांत हा प्रकार जुना आणि रुळलेला आहे, मात्र दहा वर्षांच्या मुलांसाठी तो मी स्वतः निवडत नाही. त्यामागे फ्रेंच कुटुंबांविषयी अविश्वास नाही. या वयाच्या मुलाला रात्री पोट दुखू लागले, अंथरूण ओले झाले किंवा नुसतीच आईची आठवण आली, तर ते परक्या भाषेत, परक्या प्रौढाला उठवून सांगणे त्याला जमत नाही. ते गप्प राहते आणि सकाळी शिक्षकांना भेटेपर्यंत एकटेच सोसते. दुसऱ्या प्रकारात कुटुंबाची ओळख होते, घर कसे असते ते दिसते आणि रात्र मात्र ओळखीच्या माणसांत जाते. माझा कल त्याच प्रकाराकडे आहे.

तुमच्या शाळेने तिसराच प्रकार ठरवला असेल, तर लगेच नकार द्या असे मी म्हणणार नाही, पण काही गोष्टी लेखी मागा. एका घरी एकाच वर्गातील दोन मुले असावीत, एकटे मूल नसावे. यजमान कुटुंबाचे नाव-पत्ता, घरातील सर्व माणसे, पाळीव प्राणी आणि झोपण्याची जागा ही माहिती निघण्याच्या काही आठवडे आधी मिळावी आणि दोन्ही कुटुंबांचा एकदा तरी व्हिडिओ कॉल झालेला असावा. शिक्षकांचा मुक्काम त्याच गावात, गाडीने दहा-पंधरा मिनिटांच्या आत असावा. आणि ज्यावरून मी स्वतः कोणत्याही शाळेची तयारी जोखते ती गोष्ट अशी: शिक्षक जिथे उतरले आहेत तिथे एक-दोन खाटा राखीव ठेवलेल्या आहेत का? रात्री अकरा वाजता यजमानांचा फोन आला, तर कोणाला दोष न देता, चर्चा न करता मुलाला तिथून उचलून शिक्षकांजवळ आणता आले पाहिजे. हा प्रश्न विचारल्यावर सहलप्रमुख गोंधळला, तर त्या शाळेने रात्रीचा विचार केलेला नाही असे समजा.

पोलीस-तपासणीविषयीही पालकांचा घोटाळा होतो. इंग्लंडमधील शाळांना बंधनकारक असलेल्या ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या मार्गदर्शिकेत एक्स्चेंजमधील यजमान कुटुंबांवर स्वतंत्र परिशिष्ट आहे. शाळेने ठरवून दिलेल्या व्यवस्थेत इंग्लंडमधले कुटुंब परदेशी मूल ठेवून घेत असेल, तर त्या घरातील जबाबदार प्रौढाची वर्धित डीबीएस तपासणी (म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी पडताळणी), मुलांसोबत काम करण्यास मनाई असलेल्यांच्या यादीसह, होते. परदेशातील कुटुंबांची अशी तपासणी इंग्लंडच्या शाळेला करता येत नाही. तिने भागीदार शाळेशी बोलून तिकडे कोणती खात्री करून घेतली जाते ते समजून घ्यायचे असते आणि ती पुरेशी आहे की नाही हे स्वतः ठरवायचे असते. त्यामुळे “तिकडच्या सर्वांची डीबीएस झाली आहे का” हा प्रश्न निरर्थक ठरतो. “त्या शाळेने ही कुटुंबे कशी निवडली, तिथे कोण जाऊन आले, आणि तुम्ही काय मागितले” हा खरा प्रश्न. फ्रान्समध्ये कोणत्याही व्यक्तीला आपल्या न्यायिक नोंदीचा उतारा, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचे बुलेटिन, स्वतःपुरते मोफत मागवता येते. काही भागीदार शाळा यजमानांकडून तो घेतात. त्यात सगळेच गुन्हे येत नाहीत, गंभीर तेवढेच येतात, हेही लक्षात असू द्या.

आता व्हिसा. तुम्ही सर्वाधिक काळजी याचीच केली आहे आणि सर्वांत सोपे उत्तर याचेच आहे. भारतीय पासपोर्टधारकाला एरवी शेंगेन व्हिसा लागतो हे खरे, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर शालेय सहलींसाठीची जुनी सवलतही गेली होती. परंतु डिसेंबर २०२३ च्या अखेरीपासून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात शालेय सहलींपुरती नवी व्यवस्था सुरू झाली आहे. ब्रिटनमधील शाळेत शिकणाऱ्या, १८ वर्षांपर्यंतच्या किमान पाच विद्यार्थ्यांचा गट शिक्षकांसोबत फ्रान्सला जात असेल, तर शाळेने ‘फ्रान्स-यूके स्कूल ट्रिप ट्रॅव्हल इन्फर्मेशन फॉर्म’ भरायचा. त्या फॉर्मवर नाव असलेल्या मुलाला, त्याचे राष्ट्रीयत्व एरवी व्हिसाचे असले तरी, व्हिसा लागत नाही. पासपोर्ट लागतोच.

या सवलतीच्या कडा मात्र धारदार आहेत. ती केवळ फ्रान्ससाठी आहे. बस वाटेत बेल्जियममधील एखादे युद्धस्मारक पाहायला वळणार असेल, तर तुमच्या मुलासाठी तो बेत चालणार नाही. ती केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्ही मदतनीस पालक म्हणून जायचा विचार करत असाल आणि तुमचा पासपोर्टही भारतीय असेल, तर तुम्हाला स्वतःचा शेंगेन व्हिसा काढावा लागेल. पासपोर्ट फ्रान्समधून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. भारतीय मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, त्यामुळे तो कधी संपतो ते आजच पाहा. नूतनीकरणाला लागणारा वेळ जूनच्या तोंडावर हाती नसतो. आणि परत येताना त्याचा ब्रिटनमधील राहण्याचा हक्क दिसला पाहिजे. पूर्वी कार्ड असे, आता ई-व्हिसा आहे, आणि तो पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. पासपोर्ट नवा काढला आणि यूकेव्हीआयच्या, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, खात्यात तो बदलला नाही, तर परतीच्या वाटेवर विनाकारण खोळंबा होतो. ही दुरुस्ती घरबसल्या होते. ती करून ई-व्हिसाच्या पानाची छापील प्रत सहलप्रमुखाकडे द्या. शाळेतील कार्यालयाला हा फॉर्म ठाऊक असेलच असे गृहीत धरू नका; ज्या शाळांत बहुतेक मुले ब्रिटिश पासपोर्टची असतात तिथे त्याची गरजच पडलेली नसते. नावासकट माहिती तुम्हीच शाळेपर्यंत पोहोचवा.

सीमेवर आणखी एक नवी गोष्ट दिसेल. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टधारकांची नोंद ईईएस नावाच्या यंत्रणेत होते. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो काढतात. डोव्हरहून जाणार असाल, तर फ्रेंच अधिकारी डोव्हर बंदरावरच भेटतात. न्यूहेवनहून बोटीने गेल्यास ते चार तासांनंतर दिएपला भेटतात. मुलाला हे आधी सांगून ठेवा, कारण गणवेशातला माणूस फोटो काढतो म्हटल्यावर आपल्याला वेगळे काढले की काय, असे काही मुलांना वाटते, विशेषतः शेजारच्या मित्राच्या हातात वेगळ्या रंगाचा पासपोर्ट असेल तर.

जेवणाचा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण शाकाहारी मुलांची अडचण खरी तिथेच होते आणि तिच्यावर इलाजही आहे. फ्रान्समधील शाळांच्या उपाहारगृहांत आठवड्यातून निदान एक जेवण शाकाहारी असलेच पाहिजे, असा नियम २०१९ च्या शेवटी प्रयोग म्हणून आला आणि २०२१ च्या कायद्याने कायमचा झाला. म्हणजे उरलेल्या दिवशी मुख्य पदार्थ मांसाचा किंवा माशाचा असण्याचा संभव मोठा. दुपारचे जेवण घाईचे नसते. लांब टेबलाभोवती सहा-आठ मुले, मधोमध पावाची टोपली आणि पाण्याचा जग. आधी किसलेल्या गाजराची कोशिंबीर, मग मुख्य पदार्थ, मग चीजचा तुकडा किंवा दही, मग फळ. तुमचा मुलगा मुख्य पदार्थ सोडून बाकी सगळे खाऊ शकेल, आणि एक दिवस तेवढ्यावर भागेल. पाच दिवस भागणार नाही.

अडचण वाईट हेतूने येत नाही. ‘मांस नको’ असे कळवले की स्वयंपाकघरातून आनंदाने मासा येतो, कारण तिथल्या पुष्कळ लोकांच्या हिशेबी मासा मांसात धरत नाहीत. ‘कीश’ नावाच्या अंड्याच्या खाऱ्या पायमध्ये बरेचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि एखाद्या प्रेमळ बाई ते काट्याने वेचून बाजूला काढून “आता खा” म्हणत ताटली मुलापुढे सरकवतात. मुलाला नाही म्हणता येत नाही आणि गिळवतही नाही. गोळ्या-चॉकलेटांत, काही मऊ मिठायांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असते. नॉर्मंडीच्या पारंपरिक कामाँबेअर चीजमध्ये दूध साकळवायला प्राण्यापासून काढलेले रेनेट वापरतात. तुम्ही तेवढे काटेकोर आहात की नाही हे घरीच ठरवा आणि मुलाला एकच स्पष्ट नियम द्या, कारण तिथे उभे राहून त्याने तुमच्या वतीने निर्णय घ्यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. माझा अनुभव असा की ‘हे खात नाही’ या यादीपेक्षा ‘हे खातो’ ही यादी अधिक उपयोगी पडते: अंडी, चीज, पास्ता, बटाटा, मसूर, भात, फळे, दही. ती फ्रेंचमध्ये लिहून शाळेच्या शिक्षकांमार्फत तिकडच्या शिक्षकांना आणि केंद्राच्या स्वयंपाकघराला, दोघांनाही पाठवा. मुलाला एक वाक्य तोंडपाठ करून द्या: झ न माँझ नी व्यांद, नी प्वासों. मांसही नाही आणि मासाही नाही, दोन्ही एकाच दमात. सुक्या खाऊचा एक डबा सामानात जरूर द्या, पण शेंगदाणे आणि काजू-बदाम त्यात नकोत. गटात कोणाला तरी ॲलर्जी असते. तुमच्याच मुलाला ॲलर्जी असती, तर मी हा परिच्छेद सर्वांत वर लिहिला असता.

भाषेची चिंता मी करणार नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून सात ते अकरा या वयोगटाला परकी भाषा सक्तीची आहे, तरीही पाचवीतले बहुतेक मूल रंग, आकडे आणि स्वतःचे नाव यापलीकडे फारसे जात नाही. तिकडच्या मुलांचे इंग्रजीही त्याच तोलाचे असते, आणि ही बरोबरीच या वयाच्या एक्स्चेंजचे बलस्थान आहे. मधल्या सुट्टीत काय होते ते सांगते. पहिली दहा मिनिटे दोन्ही शाळांची मुले पटांगणाच्या दोन टोकांना उभी असतात. मग कोणीतरी खिशातून गोट्या काढतो. फ्रेंच प्राथमिक शाळांत गोट्यांचा खेळ अजून जोरात चालतो. भिंतीच्या कडेला, झाडाच्या आळ्यापाशी मुले गुडघ्यांवर बसलेली दिसतात. इंग्लंडच्या मुलांना तो येत नाही, म्हणून त्यांना शिकवावे लागते, आणि शिकवताना आपोआप बोट दाखवणे, ओरडणे, आकडे मोजणे सुरू होते. तुमच्या मुलाला सुट्टीत भारतात आजोबांनी गोट्या शिकवल्या असतील, तर तो त्या पटांगणात पहिल्याच दिवशी मानाचा माणूस ठरेल. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी सवय असलेल्या मुलांना आणखी एक फायदा मला जाणवतो: समोरच्याचे सगळे बोलणे कळलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट नसतो.

हे सगळे घडायला एक अट आहे, आणि ती शाळेला जरूर विचारा. जाण्याआधी काही महिने मुलांचा एकमेकांशी संपर्क झाला आहे का? पत्रे, चित्रे, वर्गावर्गांचे व्हिडिओ कॉल, जोडीदार ठरवणे यांपैकी काहीच झाले नसेल, तर ती फ्रान्सची सहल आहे, एक्स्चेंज नव्हे. तीही वाईट नसते, पण मग तिचे मोल त्याच हिशेबाने करा. कार्यक्रमपत्रिकेत बुधवार कसा घालवणार तेही पाहा. फ्रान्समध्ये पुष्कळ गावांत प्राथमिक शाळा आठवड्यातून चारच दिवस भरतात आणि बुधवारी बंद असतात, त्यामुळे जाणकार शिक्षक समुद्रकिनारा, रूआँचे कॅथेड्रल किंवा दोस्ताच्या घरची भेट बुधवारी लावतात. ज्याने बुधवारी ‘शाळेत दिवसभर’ असे छापले आहे, त्याचा भागीदार शाळेशी फारसा पत्रव्यवहार झालेला नाही. जून महिना मात्र चांगला निवडला आहे: मे महिन्यात तिकडे सुट्ट्यांची रांग असते, इकडे सहावीच्या परीक्षा असतात आणि जुलैच्या सुरुवातीला तिकडची शाळा संपते.

तर इथवरचे म्हणणे असे, की झोपण्याची जागा, रात्रीची राखीव खाट, फ्रान्स-यूके फॉर्म आणि खाण्याची फ्रेंच यादी या चार गोष्टींची उत्तरे शाळेकडून समाधानकारक मिळाली, तर मी होकाराच्या बाजूने आहे. मुलाकडे आता वळू.

तो कधी एकटा झोपलेला नाही, हे कारण नकारासाठी पुरेसे नाही, पण जूनपर्यंत त्यावर काम करता येते. ओळखीच्या मित्राकडे दोनदा रात्री मुक्कामाला पाठवा. दुसऱ्या खेपेस स्वतःची पिशवी स्वतःच भरू द्या आणि सकाळी काय सापडले नाही ते त्यालाच सांगू द्या. रात्री दिवा लागतो हे शिक्षकांना लेखी कळवा, लाजू नका. अंथरूण ओले होण्याची सवय असेल तर तेही कळवा. आम्ही अशा मुलांना दाराजवळची खाट देतो आणि सकाळी इतर उठायच्या आत चादर बदलून टाकतो. त्याचा बभ्रा होत नाही. “बरे वाटले नाही तर मी येऊन घेऊन जाईन” असे वचन मात्र देऊ नका. ते देणाऱ्याला दिलासा देते, पण मुलाच्या मनात पहिल्या रात्रीपासून एकच विचार राहतो की ते वचन कधी वापरायचे.

पहिली रात्र बहुतेक मुलांना जड जाते, हेही खरे. साडेनऊच्या सुमारास दिवे मालवले की एक हुंदका ऐकू येतो आणि मग तो खोलीभर पसरतो. मी त्या मुलाला बाहेर व्हरांड्यात आणते, पाणी देते, घराविषयी काही विचारत नाही; उद्याच्या बेतातली एखादी अडलेली गोष्ट पुढे करते, जसे की बाजारात पाच युरोत काय काय येईल याची यादी करायला मला मदत कर. पंधरा मिनिटांत बहुतेकांना झोप येते. अशा वेळी घरी फोन लावणे मी शक्यतो टाळते, कारण आईचा आवाज ऐकून रडणे थांबत नाही, ते नव्याने सुरू होते. म्हणून मुलाजवळ मोबाइल नसणे तुमच्याही फायद्याचे आहे. फ्रान्समध्ये तर २०१८ च्या कायद्याने प्राथमिक शाळेत मुलांना मोबाइल वापरायची मनाईच आहे. शाळा दररोज संध्याकाळी पालकांना एक सामूहिक संदेश पाठवणार आहे का, तेवढे विचारून घ्या. काही मुलांच्या बाबतीत हे सारे पुरत नाही. वेगळे होण्याची तीव्र भीती, नुकताच झालेला घरातला मृत्यू किंवा आईवडिलांतील ताटातूट, ज्याच्या औषधाच्या वेळा अजून बसलेल्या नाहीत असा आजार, यांपैकी काही असेल तर मी या वर्षी थांबा असे सांगेन. दहाव्या वर्षी न गेल्याने काही बिघडत नाही. माध्यमिक शाळेत पुन्हा संधी येते.

पैशांविषयी तुम्ही विचारले नाही, पण संकोचाने विचारले नसेल असे समजून दोन वाक्ये लिहिते. सरकारी शाळेला शाळेच्या वेळेत होणाऱ्या शिक्षणासाठी शुल्क आकारता येत नाही, ऐच्छिक वर्गणी मागता येते. राहण्याजेवणाचा खर्च मात्र आकारता येतो आणि ठरावीक सरकारी साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांना त्यात सूट असते. हप्त्यांची सोय बहुतेक शाळा करतात, फक्त ती मागावी लागते.

राहिला तुमचा फ्लॅट. शाळेने आधी हे स्पष्ट करावे, की परतभेटीला फ्रेंच मुले कुटुंबांकडे राहणार आहेत की केंद्रात. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेच्या मुक्कामी सहलीला जिल्हा पातळीवरील शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यामुळे तिकडचे उत्तर यायला वेळ लागतो. शाळा टाळाटाळ करते आहे असे त्यावरून समजू नका. कुटुंबांकडेच राहणार असतील, तर जागा लहान असणे ही अडचण नाही. मुलाला स्वतःची खाट किंवा गादी हवी, कपडे बदलायला बंद होणारे दार हवे, आणि घरात कोण कोण असते हे शाळेला आधी कळलेले हवे. डीबीएस तपासणी स्वयंसेवकांसाठी मोफत असते, पण कागदपत्रांना काही आठवडे जातात. घरातील सोळा वर्षांवरील इतर माणसांची तपासणी करायची की नाही हे शाळा ठरवते, म्हणून त्या आठवड्यात भारतातून आजी-आजोबा येणार असतील तर तारखा आधीच सांगा.

आणि तरीही जमत नसेल, तर तसे आत्ताच, सहलीचा फॉर्म भरतानाच लिहून टाका: “आम्ही मुलाला पाठवत आहोत, पण मुक्कामासाठी मूल ठेवून घेऊ शकणार नाही; एका संध्याकाळी दोन मुलांना जेवायला बोलावू.” मी सहलप्रमुख म्हणून अशी पत्रे दरवेळी पाहते आणि तशी सोय सहज करता येते. जेवायला बोलावलेत, तर साधा वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पोळी पुरे. तिखट वेगळे ठेवा, आणि पावाऐवजी पोळी कशी तोडायची ते तुमच्या मुलाला दाखवू द्या.